लँडमास्टरची चाकं: तिरपी की सरळ

१ मार्च १९६३, शुक्रवार. जानेफळ

आज रहेमतभाईचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं. जमिनीवरून नाही, माणसांवरून नाही, मोटारीच्या टायरांवरून.

मोटार आमच्या दोघांची. हिरवी लँडमास्टर. खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगच्या मॅनेजराने विकायला काढली तेव्हा गिरणीवाला मी आणि शिंपी रहेमतुल्ला अशा दोघांनी मिळून ती घेतली. आता मेहकर, लोणार अशी भाड्याने चालवतो. सोमवार ते बुधवार मी, गुरुवारी आणि शनिवार-रविवारी तो. शुक्रवारी मोटार माझ्या गिरणीमागच्या छपरात आराम करते.

पुढच्या डाव्या टायरावर तांबड्या रंगाचा एक डाग आहे. जिनिंगचं फाटक रंगवताना पडला असावा. त्या टायरावर आज हात फिरवला तर एका कडेने गुळगुळीत लागलं. म्हणजे पुढची टायरं लवकर झिजताहेत, जागा पालटली पाहिजे. इथपर्यंत आमचं एकमत होतं.

मी म्हणालो, तिरपं पालटू. पुढचं डावं मागे उजवीकडे, पुढचं उजवं मागे डावीकडे. गिरणीचा पट्टा मी असाच उलटापालटा करत असतो, म्हणून तर तो टिकतो.

रहेमतभाईने तोंडातली सुई काढून माझ्याकडे पाहिलं. "टायर म्हंजे काय, उत्तमराव? रबरात घातलेलं कापडच ना? कापडाले उलट-सुलट असते. डाव्या अंगाचं उजव्या अंगाले लावलं तर ते उलटं फिरन अन् धागा उसवन. समोरचं मागं, मागचं समोर. सरळ. बस्स."

"आणि तिरपं केलं तर?"

"टायराईले काय फुगडी खेळवता?"

फुगडीवर त्याच्या दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली आणि मला राग आला. मीही त्याच्या कापडाच्या ज्ञानाबद्दल काही बोललो. माझ्या सदऱ्याची डावी बाही अजून लांब आहे, हे बोलायला नको होतं.

त्याच्या बायकोने, सायराभाभींनी, चहा आणून ठेवला. आम्ही दोघांनीही तो प्यायला नाही, इतकं ते वाढलं. शेवटी भाभीच म्हणाल्या, "मंग हातच नका लावू कोणी." तेच ठरलं. टायरांना कोणीच हात लावायचा नाही. त्याने शिलाई मशीनवर हात ठेवून शपथ घेतली, मी गिरणीत येऊन दगडावर.

८ मार्च, शुक्रवार

रहेमतभाई जुम्म्याच्या नमाजाला गेला तेव्हा टायरं पालटली. तिरपी.

शपथ हात न लावण्याची होती. मी हाताला फडकं गुंडाळलं होतं.

जॅक एकच, म्हणून लाकडाचे ठोकळे लावून काम केलं. कंबर गेली. पण डागाचं टायर मागे उजवीकडे बसलेलं पाहून असं समाधान वाटलं की सांगता येत नाही. रहेमतभाईचं लक्ष फक्त हॉर्नकडे असतं, त्याला कळणार नाही.

११ मार्च, सोमवार

मोटार काय सुंदर चालली! मेहकरपर्यंत पोटातलं पाणी हललं नाही. तिरप्या पालटण्याचा गुण इतक्या लवकर दिसेल असं वाटलं नव्हतं. स्टँडवर मोटार थांबवून अभिमानाने मागे गेलो आणि पाहतो तर मागे डागाचं टायर नाही.

ते पुढे होतं. पुढे उजवीकडे.

स्टँडवर पुष्कळ वेळ उभा राहिलो. मी ते मागे लावलं होतं. की लावायचं ठरवलं होतं? कंबर तर दुखते आहे.

रहेमतभाईचा विचार मनात आला, पण लगेच काढून टाकला. त्याने शपथ घेतली आहे. शपथ घेतलेल्या माणसावर संशय घेणं बरं नव्हे.

घरी येऊन सहज बायकोला, रुक्मिणीला, विचारलं, छपरात कोणी आलं होतं का. ती म्हणाली, "शनिवारी तुम्ही मारुतीले गेले होते तवा रहेमतभाऊ होते ना. हात धुवाले पाणी मागत होते. कोपरापर्यंत काळे."

मोटार पुसत असेल. माझ्या बोलण्याचा राग न धरता मोटार पुसतो, भला माणूस आहे.

१५ मार्च, शुक्रवार

पुन्हा केलं. या वेळी प्रत्येक टायर बसवताना मोठ्याने म्हटलं, "डागाचं मागे. उत्तमराव, डागाचं मागे." रुक्मिणी दारात येऊन ऐकत होती.

१८ मार्च, सोमवार

पुढे. आता डावीकडे, जिथे मुळात होतं तिथे.

लिहायला नको वाटतं, पण इथे नाही लिहिणार तर कुठे? बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा सापडेना. मग शेतातून आले की पुन्हा शेतात जायला निघत, म्हणत आज गेलोच नाही. शेवटच्या वर्षी मी ताट वाढून समोर ठेवलं तर हात जोडून म्हणाले, "तुमी कोण्या गावचे पाहुणे?" मी जानेफळचा म्हणालो. त्यांना फार आनंद झाला. म्हणाले, "आमी बी जानेफळचेच."

तेव्हा बाबा साठीच्या पुढे होते. मी तर पन्नाशीतच आहे.

२० मार्च, बुधवार

गुलाबराव वैद्यांकडे गेलो. ते म्हणाले ब्राह्मीचं तेल डोक्याला लावा आणि रोज सकाळी भिजवलेले बदाम खा. कशासाठी हवं ते मी सांगितलं नाही. रुक्मिणीसाठी म्हणालो.

बाहेर पडतो तर दारात रहेमतभाई. त्याच्या हातातही तसलीच बाटली. बदलून घ्यायला आला होता, बूच गळत होतं. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "सायरासाठी हाय."

दोघींनाही एकदम हे काय झालं? बायका बोलून दाखवत नाहीत. संध्याकाळी रुक्मिणीला विचारलं, तुला विसरायला होतं का. ती म्हणाली, "लगन झालं तवापासून सगळं ध्यानात हाये." तिच्या बोलण्यात उगाचच एक धार वाटली.

२९ मार्च, शुक्रवार

केलं.

१ एप्रिल, सोमवार

पुढे.

५ एप्रिल, शुक्रवार

आज जुम्म्यानंतर रहेमतभाई सरळ गिरणीत आला. मी नुकताच हात धुऊन बसलो होतो. दळणाला कोणी नव्हतं. तो पट्ट्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "उत्तमराव, एक इचारू? माणसाले आपण केलेलं काम केलं का नाई केलं, हेच ध्यानात राहत नसन, तर काय समजावं?"

म्हणजे त्याच्या लक्षात आलं! आणि तोंडावर न सांगता किती हळुवारपणे विचारतो आहे. मी म्हणालो, "रहेमतभाई, असं झालं तर घाबरू नये. आपली माणसं सांभाळून घेतात."

"सांभाळतीन?"

"मी शब्द देतो."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. इतका जीव लावणारा माणूस आणि मी त्याच्या शपथेच्या पाठीमागे टायरं फिरवत बसलो. त्याने माझा खांदा दाबला.

जाताना वळून म्हणाला, "सदरा द्या इकडे. डावी बाही लांब झाली खरी."

९ एप्रिल, मंगळवार

हल्ली आमचं फार चांगलं जमतं. तो मला मेहकरला निघताना रस्ता समजावून सांगतो, जसं मी कधी गेलोच नाही. मीही त्याला गिऱ्हाइकांची नावं आठवण करून देतो, म्हणजे माझ्या मनाला बरं वाटतं की मला नावं तरी आठवतात. काल त्याने माझ्यासाठी भिजवलेले बदाम आणले होते. मी त्याला माझ्याकडचे दिले.

रुक्मिणी आणि सायराभाभी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. आम्ही बदाम देत-घेत असताना दोघी एकदम उठून आत गेल्या. आतून खोकल्याचा आवाज येत होता. उन्हाळ्याची धूळ, दुसरं काय.

१९ एप्रिल, शुक्रवार

ठरवलं. मोटार चालवणं सोडायचं.

परवा अंजनीच्या फाट्याजवळ मनात विचार आला: मागे चार माणसं बसली आहेत, एक बाई तर लेकराला घेऊन, आणि समजा मी विसरलोच की ब्रेक कोणता? पाय तिथेच होता, पण विचार आला. विचार आला म्हणजे पुरे.

गावातल्या जानरावांच्या पोराचं लग्न १२ मेला लोणारला आहे. नवरदेव मोटारीतून जाणार. वरपक्षाने सगळ्या गावाला सांगून ठेवलं आहे. ते लग्न पार पडलं की माझा वाटा रहेमतभाईच्या नावावर करायचा. रुक्मिणीला सांगितलं तर ती एकदम गंभीर झाली. म्हणाली, "त्याच्याआधी एकडाव रहेमतभाऊसंग मोकळं बोला तरी. टायराचं सगळं."

कसं बोलू? शपथ मोडली हे सांगावं लागेल. रुक्मिणीने कपाळाला हात लावला.

१० मे, शुक्रवार

लग्नाच्या प्रवासासाठी शेवटचं म्हणून टायरं पालटली. डागाचं टायर अगदी सपाट झालंय. ते मागे असलेलं बरं. परवा रहेमतभाईची पाळी आहे, पण तो म्हणाला, "तुमी बी चला सोबत. एकट्याचा भरवसा वाटत नाई मले." मला उमगलं. मला रिकामं वाटू नये म्हणून म्हणतो आहे.

१३ मे, सोमवार

कालचं सगळं सविस्तर लिहितो.

सकाळी निघालो. रहेमतभाई चालवत होता, मी शेजारी. मागे नवरदेव सहदेव बाशिंग बांधून, त्याच्या एका बाजूला जानराव आणि दुसऱ्या बाजूला करवली. लग्न संध्याकाळी गोरज मुहूर्तावर. मेहकरला पाहुण्यांकडे जेवणं झाली. वऱ्हाडाच्या बैलगाड्या आदल्या दिवशीच निघाल्या होत्या. मेहकर सोडल्यावर आम्ही त्यांना गाठलं. रहेमतभाईने हॉर्न वाजवत एकेक गाडी मागे टाकली. जानरावांनी खिडकीतून हात बाहेर काढून आपल्या मेहुण्यांना असा निरोप दिला, जसं ते विलायतेला चालले आहेत. मेहुणे धुळीत दिसेनासे झाले.

सुलतानपूरच्या अलीकडे पुढे बार उडाल्यासारखा आवाज झाला. मोटार भेलकांडली. रहेमतभाईने ती सांभाळून बाभळीखाली उभी केली. उतरून पाहिलं तर पुढचं टायर चिंधी होऊन लोंबत होतं. त्यावर तांबडा डाग.

ऊन असं की डोळे उघडवेनात. मी त्या टायराकडे पाहत राहिलो आणि मला रडू आलं. आता लपवण्यात काय अर्थ? म्हणालो, "रहेमतभाई, माझं डोकं गेलं. हे टायर मी मागे लावलं होतं. परवा शुक्रवारी. मला स्पष्ट आठवतं, पण ते खरं नाही."

रहेमतभाई माझ्याकडे बघतच राहिला. "शुक्रवारी तुमी मागं लावलं?"

"शपथ मोडली. तिरपं करून मागे लावलं. निदान तसं मला वाटतं."

"तुमी मागं लावलं," तो पुन्हा म्हणाला. "अन् शनिवारी तुमी मारुतीले गेले तवा मी डाग न पाहताच मागचं समोर लावलं. सरळ. मंग गुरवारी पाहो तं झिजलेलं समोरच, मले वाटे पालटलंच नाई."

मी बोटांवर शनिवार मोजले.

"दर शनिवारी?" मी विचारलं.

"तुमी दर शुक्रवारी?"

"म्हणजे मला काही झालेलं नाही!"

"अरे, म्हंजे मले बी काई नाई झालं! मी तं सायराले सांगून ठेवलं होतं, मी कुठी हरवलो तं जानेफळले आणून सोडा म्हणून!"

आम्ही एकमेकांना मिठी मारली. मग काय झालं सांगता येत नाही, पण आम्ही दोघं रस्त्यात गरागरा फिरलो. हात तिरपे धरून. मी पन्नाशीचा, तो माझ्याहून मोठा.

मागचं दार उघडून जानराव उतरले. "टायर फुटलं अन् हे फुगड्या घालून राह्यले! अबे, माहा पोरगा बाशिंगात शिजून राह्यला ना!"

तेव्हा भानावर आलो. दोघांच्याही ध्यानात एकदमच आलं: इतके आठवडे कष्ट करून, कंबर मोडून, आम्ही ती दोन जुनी टायरं कायम पुढेच ठेवली होती. कधी डावं उजवीकडे, कधी उजवं डावीकडे, पण पुढेच. न पालटणाऱ्या माणसानेही याहून वाईट केलं नसतं.

"स्टेपनी काढा," रहेमतभाई म्हणाला.

डिकीतून पाचवं चाक काढलं. मोटार घेतल्यापासून ते तिथेच पोत्याखाली पडून होतं. मी तिरप्याचा विचार केला, त्याने सरळचा केला, याचा विचार कोणीच केला नव्हता. पंप मारला. एका बाजूने हवा जाई, दुसऱ्या बाजूने येई. ट्यूब काढली तर हातात पापडासारखे तुकडे आले. टायर मात्र चांगलं होतं, कडक पण अखंड.

जानराव खाली बसले. "लोणारात समदे लोक वाट पाहून राह्यले असतीन. मोटार येणार म्हणून सांगून ठेवलं मी." त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला त्यांची भीती वाटेनाशी झाली, वाईट वाटलं. सहदेव मात्र बाशिंगाआडून म्हणाला, "बाबा, मी पायी जातो." करवलीने त्याला गप्प केलं.

तेवढ्यात घुंगरं वाजली. मागे टाकलेल्या बैलगाड्या एकामागे एक येत होत्या. पुढच्या गाडीतून मेहुण्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि मोठ्या प्रेमाने विचारलं, "काहून दाजी, विलायत आली का?"

मी मात्र त्यांच्या गाडीकडे पाहत होतो. बैलांसाठी कडबा आणि कुटाराची, म्हणजे भुशाची, पोती लादलेली होती. "रहेमतभाई," मी म्हणालो, "ट्यूब नाही तर नाही. आत काहीतरी भरलं पाहिजे ना? हे भरू."

त्याने कडब्याची पेंढी हातात घेऊन दाबून पाहिली आणि त्याच्यातला शिंपी जागा झाला. "गादीवानी भरा लागन. सैल राहिलं तं गोळा होईन. आधी कडबा ठेचा, मंग वरून कुटार ठासा."

सगळं वऱ्हाड रस्त्यात बसलं. फेटेवाले कडबा ठेचताहेत, बायका कुटार पुरवताहेत, रहेमतभाई जॅकच्या दांड्याने ठासतो आहे आणि "अजून, अजून" म्हणतो आहे. मेहुणे सगळ्यांत जोरात ठेचत होते. टायर भरून रिमवर चढवलं तेव्हा ते बाळंतिणीच्या उशीसारखं टम्म दिसत होतं.

मग प्रश्न आला, लावायचं कुठे. जानराव घाबरून आमच्या दोघांकडे बघायला लागले. मी म्हणालो, "मागे. पुढे लावलं तर स्टेअरिंग ओढेल. मागचं चांगलं टायर पुढे घेऊ." आणि थांबलो.

रहेमतभाई म्हणाला, "हाव. मागं."

टायराच्या जागेबाबत आमचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. जानराव म्हणाले, "कुठी बी लावा, पण लावा!"

बैलांच्या चालीने निघालो. जरा जोर केला की मागून कचाकचा आवाज येई. लोणार जवळ आलं तेव्हा टायराच्या कडेने कडबा बाहेर डोकावत होता आणि मागच्या गाडीचे दोन्ही बैल मान लांब करून आमच्या चाकाच्या मागे लागले होते. त्यांना हाकलावं लागत नव्हतं. वेशीवर वाजंत्री उभी होती. त्यांनी मोटारीमागून धावत येणारे बैल पाहिले आणि एकदम जोरात वाजवायला सुरुवात केली. आम्ही मांडवाशी थांबलो तेव्हा सूर्य टेकला होता आणि भटजी घड्याळ हातात घेऊन उभे होते. मोटार थांबताच एका बैलाने मागच्या चाकातून घासभर कडबा ओढून काढला आणि तो निवांत चघळत उभा राहिला.

नवरीकडचं सगळं गाव बघायला लोटलं. कोणी म्हणालं, "ही मोटार कडब्यावर चालते काय?" जानरावांनी छाती पुढे काढली. "पेट्रोलवर तं कोनाची बी चालते!"

अक्षता पडल्या. जेवायला आम्हाला जानरावांनी आपल्या पंगतीत बसवलं. रहेमतभाईने मला बुंदी वाढून घ्यायला लावली, दोनदा. मी काही विसरलो नव्हतो, मला आठवत होतं की आधी एकदा घेतली आहे. पण घेतली.

१५ मे, बुधवार

रुक्मिणीला सगळा प्रकार सांगितला. तो दर शनिवारी आणि मी दर शुक्रवारी, आणि दोघांनाही पत्ता नाही! ती म्हणाली, "अस्सं?" आणि पदर तोंडाला लावून घाईघाईने सायराभाभींकडे गेली. बराच वेळ आली नाही. इतके दिवस माझी काळजी केली, आता मन मोकळं करत असेल बिचारी.

वाट्याचा कागद करायचा नाही हे आपोआप ठरलं. कोणी विषयही काढला नाही.

२४ मे, शुक्रवार

नवी ट्यूब आणि एक टायर आणलं. जुम्म्यानंतर रहेमतभाई गिरणीत आला. दिवसाढवळ्या, दोघांनी मिळून चाकं पालटली, या वेळी पाचही. बराच वाद झाला, पण चहा पिऊन झाला. शेवटी ठरलं ते असं: मागची दोन्ही सरळ पुढे. पुढचं उजवं तिरपं मागे डावीकडे. पुढचं डावं डिकीत. डिकीतलं मागे उजवीकडे. म्हणजे अर्धं त्याचं, अर्धं माझं. डिकीतलं चाक कोणाच्या बाजूचं यावर मात्र अजून एकमत नाही.

काम संपल्यावर त्याने एकेक नट पुन्हा आवळला. मी आवळलेले सुद्धा. तो वळला तेव्हा त्याने आवळलेले मी आवळले.

१७ जून, सोमवार

हल्ली कधीकधी पाळी नसली तरी दोघं जातो. आज मेहकरच्या स्टँडवर सोनाळ्याचा एक नवा टॅक्सीवाला भेटला. त्याने नुकतीच मोटार घेतली आहे. आमची टायरं वाकून पाहिली, हात फिरवला आणि म्हणाला, "समोरची बी चांगली हायेत हो तुमची! माह्या गाडीची समोरची जाऊन राह्यली. पालटायची कशी, तिरपी का सरळ?"

मी म्हणालो, "ते रहेमतभाईला विचार. कापडाचं त्याला कळतं."

त्याच क्षणी रहेमतभाई म्हणाला, "उत्तमरावले इचार बे. पट्ट्याचं ते जाणतात."

"नाही, नाही, तूच सांग."

"तुमीच सांगा. तुमचंच बराबर होतं."

"माझं कसं बरोबर? तुझं होतं."

यावर आमची चांगलीच जुंपली. मी त्याच्या बाजूने भांडत होतो, तो माझ्या. आवाज चढले, लोक जमले. बऱ्याच वेळाने वळून पाहिलं तर सोनाळ्याचा माणूस उत्तर न घेताच निघून गेला होता.